परत येण्याचे पुरावे

सेवानिवृत्त मनुष्यास विश्रांतीची आवश्यकता असते, हा समज अद्याप नोकरीत असलेल्या लोकांनी पसरविलेला आहे. ज्याने आपली सारी उमेद महसूल खात्याच्या दफ्तरांत वेचली, समोर आलेला प्रत्येक अर्ज 'त्रुटींची पूर्तता करून पुनश्च सादर करावा' अशा शेऱ्यानिशी आल्या वाटेने परत पाठविला, आणि अव्वल कारकुनाच्या खुर्चीवरून उठताना शाल, श्रीफळ व भिंतीवरचे घड्याळ यांचा सविनय स्वीकार करून जो घरी आला, त्याला खरी उणीव भासते ती विश्रांतीची नव्हे, तर तपासण्याजोग्या कागदाची. घरी येणारे कागद म्हणजे विजेची देयके आणि लग्नपत्रिका. त्यांतील त्रुटी कितीही ठळक अक्षरांत दाखवून दिल्या तरी पूर्तता करण्यास कोणी फिरकत नाही. अशा निरुद्योगी अवस्थेत आमच्या सौभाग्यवतींनी एके सकाळी चहाबरोबर 'अहो, आता एकदा परदेशी जाऊन चांगले चार-सहा महिने राहून येऊ या' असा प्रस्ताव दाखल केला, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर हिमाच्छादित शिखरे उभी राहिली असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. उभी राहिली ती प्रपत्रे, त्यांची जोडपत्रे, त्या जोडपत्रांची साक्षांकने, आणि या सर्वांच्या शिरोभागी विराजमान झालेला व्हिसा.

सर्वसामान्य माणसे आधी देश ठरवितात आणि मग त्या देशाचा व्हिसा मागतात. ही पद्धत मला धांदरटपणाची वाटते. कचेरीसाठी एक लोखंडी कपाट घ्यावयाचे झाले तरी आम्ही निदान तीन दरपत्रके मागवीत असू; मग आयुष्याच्या उत्तरार्धातील दीर्घ मुक्कामासाठी जगातील यच्चयावत व्हिशांचा तुलनात्मक तक्ता करणे हे कर्तव्यच ठरत नाही काय? मी एक जाडजूड नोंदवही आणली आणि तीत देश, वयाची अट, ठेव, मुदत, हजेरी व शेरा असे रकाने आखले.

"यात 'तिथे आपलं कोण आहे' असा एक रकाना घाला," सौभाग्यवती म्हणाल्या.

"नियमांत तशी तरतूद नाही."

"मग 'पोरगी कुठे राहते' असा तरी घाला."

आमची कन्या न्यू जर्सीत राहते, ही माहिती माझ्या दप्तरी होतीच. परंतु तुलना पूर्ण होण्यापूर्वी निर्णयाचा सूर लावणे कोणत्याही समितीस शोभत नाही, असे सांगून मी तो विषय तहकूब ठेवला.

पहिले दरपत्रक थायलंडचे. समोरच्या बिऱ्हाडातील निवृत्त मुख्याध्यापक ज्येष्ठ नागरिकांच्या सहलीबरोबर बँकॉकला जाऊन आल्यापासून आग्नेय आशियावर अधिकारवाणीने बोलत असतात. पन्नाशी गाठलेल्या निवृत्तांना तो देश वर्षभर राहू देतो, हे त्यांचे म्हणणे तपासाअंती खरे निघाले. बँकेत ८ लाख बाट अथवा दरमहा ६५ हजार बाटांचे उत्पन्न, आरोग्याचा विमा आणि पोलिसांकडील वर्तणुकीचा दाखला, एवढ्यावर हे काम होते. ठेवीसाठी येथील मुदत ठेव मोडावी लागेल असे मी म्हणताच, 'मुदतीच्या आधी? आणि व्याज?' असा आक्षेप घरातून लेखी आला नाही एवढेच. मी त्याकडे दुर्लक्ष करून वैद्यकीय दाखल्याकडे वळलो, कारण त्याचा मसुदा मला फार भारदस्त वाटला होता. आणि तो घेऊन आम्ही उभयता आमच्या जुन्या घरगुती डॉक्टरांकडे गेलो.

"डॉक्टर, एवढंच लिहून द्यायचं," मी कागद पुढे केला. "आम्हा दोघांना कुष्ठरोग नाही, क्षय नाही, हत्तीरोग नाही, मादक पदार्थांचं व्यसन नाही आणि उपदंशाची तिसरी अवस्था नाही."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिले.

"नाना, तिसरी नाही असं मी डोळे मिटून लिहितो. पण मग पहिल्या आणि दुसऱ्या अवस्थेविषयी त्यांच्या मनात काय येईल, याचा विचार केलात का?"

सौभाग्यवतींचा आक्षेप निराळाच होता. "मला साखर आहे, यांना रक्तदाब आहे, दोघांचे गुडघे गेलेत. त्याबद्दल एक अक्षर नाही? जे आहे ते कुणी विचारायचं नाही, आणि नाही नाही ते विचारायचं!" शिवाय तेथे मुक्काम झाल्यावर दर ९० दिवसांनी आपला पत्ता सरकारात कळवावा लागतो, असे मी वाचून दाखविताच, ज्याने हयातभर इतरांना तारखेस हजर राहण्याचे समन्स काढले त्याने म्हातारपणी परमुलखात हजेरी लावीत बसावे हे त्यांना बघवेना. थायलंडपुढील शेऱ्याच्या रकान्यात मी 'तूर्त विचाराधीन' असे लिहिले. माझ्या खात्यात याचा अर्थ काय होतो हे सर्वांना ठाऊक आहे.

युरोपचा विषय मुख्याध्यापकांना विशेष मानवला, कारण त्यात गणित होते. लक्झेंबर्गमधील शेंगेन गावी मोझेल नदीवरील एका बोटीत १४ जून १९८५ रोजी पाच देशांनी ज्या करारावर सह्या केल्या, त्याच्या छत्राखाली आज २९ देश नांदत आहेत. आणि पर्यटकाला या सर्व देशांत मिळून कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांहून अधिक राहता येत नाही. अट वाचावयास सोपी आहे, परंतु हिशेबाला बसले की तिचे अंतरंग उलगडू लागते. मुक्कामातील प्रत्येक दिवशी मागे वळून गेल्या १८० दिवसांची झडती घ्यावयाची, दुसऱ्या दिवशी तीच झडती एक दिवस पुढे सरकवून पुन्हा घ्यावयाची, आणि पोचण्याचा व निघण्याचा असे दोन्ही दिवस पूर्ण मोजावयाचे.

"हे तर खांब आणि अंतराचं उदाहरण, पाचवीच्या पुस्तकातलं," असे म्हणून मुख्याध्यापकांनी आमच्या दिवाणखान्यात आलेखाचा कागद पसरला, तो रात्री जेवणाची वेळ टळून गेली तरी आवरला नाही. अखेरीस त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"सिद्ध झालं."

"काय सिद्ध झालं?"

"तुम्ही ९१ व्या दिवशी गुन्हेगार ठरता."

त्याच प्रकरणात प्रवासविम्याचे एक कलम होते. निदान ३० हजार युरोंचे संरक्षण असलेला विमा आवश्यक असून त्यात दुर्दैवाने देहावसान झाल्यास पार्थिव स्वदेशी पोचविण्याचा खर्च अंतर्भूत असतो, हे मी समजावून सांगितले. सौभाग्यवती बराच वेळ विचारमग्न राहिल्या.

"म्हणजे गेलो तरी परत आणून पोचवणार?"

"होय. तशी तरतूद आहे."

"मग 'परत जाणार ना, परत जाणार ना' म्हणून आपल्याला सारखं का विचारतात?"

या प्रश्नाचे उत्तर माझ्या नोंदवहीतील एकाही रकान्यात बसत नव्हते.

तीन महिन्यांत ज्यांचे समाधान होत नाही अशांसाठी स्पेनने एक निराळा व्हिसा ठेविला आहे. त्याची मुख्य अट अशी की, धारकाने त्या देशात अर्थार्जनाचे कोणतेही काम करता कामा नये, आणि त्याचे पोट त्याच्या स्वतःच्या उत्पन्नावर भरले पाहिजे. ते उत्पन्न म्हणजे अर्जदारास दरमहा २,४०० युरो व सोबतच्या कुटुंबीयास ६०० युरो. काम न करण्याची हमी कशी द्यावी, शपथपत्र कोणत्या किमतीच्या मुद्रांकावर करावे, यावर मी एका जुन्या सहकाऱ्याचा सल्ला घेतला. त्याने मला मधेच थांबविले. "शपथपत्र कशाला? तू आपलं सेवापुस्तक जोड." हा मनुष्य माझ्या हाताखाली राहिलेला असल्याने त्याच्या मताला मी फारसे वजन दिले नाही. परंतु युरोंचा आकडा तोंडपाठ झाला तेव्हा स्पेनही विचाराधीन झाला.

मॉरिशसने मात्र क्षणभर मोह घातला. एकोणिसाव्या शतकात कोकणपट्टीतून तिकडे गेलेल्या लोकांचे वंशज आजही आपले मराठीपण जपून आहेत, गणेशचतुर्थीस तेथे सार्वजनिक सुटी असते, आणि २०२० पासून सुरू झालेल्या त्यांच्या वर्षभराच्या प्रीमियम व्हिशाला शुल्कही नाही. अट इतकीच की, दरमहा निदान १,५०० डॉलरांचे उत्पन्न दाखवावे. आता आमचे निवृत्तिवेतन रुपयांत असते तोवर प्रतिष्ठित दिसते. डॉलरांत नेले की ते अंग चोरून बसते. तरीही गणपतीच्या सुटीचा मुद्दा मी उत्साहाने मांडला.

"आपल्या स्वतःच्या गावी गणपतीला जात नाही तुम्ही, त्या फणसाच्या दाव्यापायी," सौभाग्यवती म्हणाल्या, "आणि मॉरिशसला जायचं म्हणे गणपतीला!"

फणसाच्या दाव्याचा उल्लेख आमच्या घरी जेवणाच्या वेळी करू नये असा प्रघात आहे; त्यामुळे मॉरिशसचे पान तेथेच मिटले.

ऑस्ट्रेलियाचे दरपत्रक आमच्या एका वर्गबंधूमार्फत आले. त्याचा मुलगा मेलबर्नला स्थायिक झाला असून, वृद्ध मातापित्यांसाठी जो कायम निवासाचा व्हिसा आहे त्यासाठी या गृहस्थाने रीतसर अर्ज गुजारला आहे. या व्हिशासाठी मनुष्य निवृत्तीच्या वयाला पोचलेला असावा लागतो, आणि नंबर लागण्यास ३० वर्षांहून अधिक काळ लोटेल असे तेथील शासन स्वतःच निःसंकोचपणे सांगते. म्हणजे आधी म्हातारे व्हावे, मग अर्ज करावा, आणि नंतर त्या अर्जाला आपल्याहून अधिक आयुष्य लाभावे अशी प्रार्थना करीत बसावे.

"तू तोवर असशील का?" मी मित्रकर्तव्य म्हणून विचारले.

"ते मला ठाऊक नाही," तो शांतपणे म्हणाला, "पण माणसाचं काहीतरी प्रलंबित असावं, नाना. त्यानं आयुष्य वाढतं."

महसूल खात्यात जन्म घालवूनही इतके सखोल वाक्य मला सुचले नव्हते. मी ते नोंदवहीच्या मुखपृष्ठावर लिहून ठेवले.

तुलनात्मक तक्ता पूर्ण होऊन त्याची स्वच्छ प्रत निघाली तेव्हा निष्कर्ष असा आला की, आम्ही न्यू जर्सीला कन्येकडे जावे. हे आपण पहिल्याच दिवशी सांगितले होते, असे सौभाग्यवतींचे म्हणणे पडले. ते वस्तुस्थितीस धरून होते. पण त्यांचे म्हणणे केवळ म्हणणे होते आणि माझ्या निष्कर्षाला आता आधार होता, हा फरक त्यांना आजतागायत पटलेला नाही.

अमेरिकेच्या पर्यटक व्हिशाची मुदत बहुधा १० वर्षांची असते. ही बातमी फुटताच आमच्या इमारतीत 'नाना दहा वर्षांसाठी चालले' अशी आवई उठली, आणि आमची सदनिका भाड्याने मिळेल का, अशी विचारणा करण्यास दोघे जण येऊन गेले. १० वर्षे ही तिकडच्या विमानतळावर जाऊन उभे राहण्याची मुदत. आत किती दिवस राहावयाचे ते तेथे बसलेला अधिकारी ठरवितो, आणि तो बहुधा ६ महिने देतो, हे मी जिन्यात उभा राहून प्रत्येकास समजावून दिले. शिवाय त्या ६ महिन्यांत नोव्हेंबर येऊन चालणार नव्हते, कारण निवृत्तिवेतनधारकाने नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावयाचा असतो. हे काम आता भ्रमणध्वनीसमोर डोळे मिचकावूनही होते असे म्हणतात. परंतु आपण जिवंत आहो हे अधिकाऱ्यासमोर प्रत्यक्ष उभे राहून सिद्ध करण्यात जे समाधान आहे, ते यंत्राकडे पाहून डोळा घालण्यात नाही.

अर्जाचे प्रपत्र संगणकावर भरावे लागते आणि आपण काही काळ स्तब्ध राहिलो की ते आपोआप मिटते. एका बोटाने टंकलेखन करणाऱ्या आणि प्रत्येक रकान्यापूर्वी कागदपत्र काढून ताळा पाहणाऱ्या मनुष्याची त्याने जी दमछाक केली तिचे वर्णन करणे कठीण आहे. जन्मतारीख मी १ जून अशी भरली, कारण आमच्या काळी शाळेत नाव घालताना मास्तर विचारीत नसत, तेच ठरवीत. आमच्या वर्गातील निम्मी मुले १ जूनला जन्मली आणि सरकारी नोकरीत शिरलेली सारी ३१ मे रोजी एकदम निवृत्त झाली. सौभाग्यवतींचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे होते. त्यांचे माहेरचे नाव शाळेच्या दाखल्यावर, लग्नात तांदळात अंगठीने लिहिलेले नाव पारपत्रावर, आणि लाडाचे नाव, कोणाच्या चुकीने कोण जाणे, बँकेच्या खात्यावर! या तिन्ही स्त्रिया एकच आहेत याचा पुरावा म्हणून लग्नपत्रिका शोधून काढावी लागली.

प्रश्नही एकाहून एक. आपण हेरगिरी करण्यासाठी जात आहात काय? आपण वंशसंहारात कधी भाग घेतला आहे काय? मी प्रत्येक प्रश्न मोठ्याने वाचावा आणि स्वयंपाकघरातून 'नाही' असे उत्तर यावे, अशा रीतीने आम्ही पुष्कळ मजल मारली.

"तुम्ही कोणत्या कुळाचे किंवा टोळीचे आहात काय?"

"नाही म्हणून टाका."

"नाही कसं म्हणू? गोत्र आहे, कुलदैवत आहे, कुलवृत्तान्त छापलेला आहे."

"त्या कुळाशी तुमचा कोर्टात दावा चालू आहे ना? मग 'नाही' लिहा."

छायाचित्र चष्म्याविना लागते. ते दोन इंच चौरस चित्र पाहून, हेरगिरी आणि वंशसंहाराविषयीचे प्रश्न या चेहऱ्याच्या मनुष्याला विचारणे अगदीच अप्रस्तुत नाही, असा अभिप्राय घरात पडला.

अर्ज तर गेला. पण मुलाखतीची तयारी राहिली. त्यासाठी डेक्कन जिमखान्यावर एका माडीवर बसणाऱ्या सल्लागाराकडे आम्ही गेलो. तो तरुण मुलगा होता, परंतु कायदा त्याला मुखोद्गत होता. अमेरिकेच्या १९५२ च्या कायद्याच्या कलम २१४(बी) अन्वये, त्याने सांगितले, पर्यटक म्हणून येणारा प्रत्येक इसम हा कायमचा मुक्काम ठोकण्यासच निघालेला आहे असे गृहीत धरावयाचे असते. तसे नाही हे त्याने स्वतः पटवून द्यावयाचे. ऐकून मी भारावून गेलो. आमच्या १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५७ प्रमाणे अधिकार अभिलेखातील नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानावयाची असते. त्यांच्या कलमाप्रमाणे चालता-बोलता मनुष्य, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खोटा मानावयाचा असतो. दोन लोकशाह्यांमधील हा फरक कोणत्याही नागरिकशास्त्राच्या पुस्तकात मी वाचलेला नव्हता.

"तेव्हा आजोबा," सल्लागार म्हणाला, "तुम्हाला परत का यावं लागेल, ते सांगा."

मी कारणे सांगू लागलो. सकाळी टेकडीवर फिरावयास जाणारा आमचा गट. ग्रंथालयाच्या कार्यकारिणीचे सभासदत्व. पाण्याच्या टाकीची किल्ली माझ्याकडे असते ही गोष्ट. सौभाग्यवतींनी तुळशीची, लोणच्याच्या बरण्यांची आणि चैत्रातल्या हळदीकुंकवाची भर घातली. मुलगा मान हलवीत राहिला.

"हे सगळं ठीक आहे, आजी, पण याचा कागद होत नाही. कागद पाहिजे. घर?"

"आहे. पण ते रिकामेही राहू शकते."

"ठेवी?"

"आहेत. पण त्या तिथूनही वाढतात."

"मुलगा इथे?"

"तो बंगळुरास."

तो हताश होऊन खुर्चीला टेकला. आम्हाला या देशात परत आणू शकेल असे त्रिभुवनात काही उरले नाही, अशी भीषण शांतता त्या माडीवर पसरली. तेव्हा मी, केवळ तपशील परिपूर्ण असावा म्हणून, म्हणालो, "तसा एक दिवाणी दावा चालू आहे."

त्या मुलाचा चेहरा असा उजळला की, त्याला हवे ते सरतेशेवटी सापडले हे सांगावयास नको होते. "दावा? इस्टेटीचा? प्रलंबित? अहो, मग इतका वेळ लोणची काय सांगताय!"

दाव्याची हकिकत थोडक्यात अशी. दापोली तालुक्यातील आमच्या गावी माझे आणि चुलतबंधू अण्णाचे आवार यांच्यामध्ये जो जांभ्या दगडाचा गडगा आहे, त्याच्या ऐन माथ्यावर एक फणस उभा होता. तो कोणाच्या हिश्शात येतो या प्रश्नावर माझ्या वडिलांनी त्याच्या वडिलांवर दावा लावला. यथाकाल दोन्ही वादी-प्रतिवादी स्वर्गस्थ झाले आणि आम्ही वारस म्हणून दाखल झालो. ३ जून २०२० च्या 'निसर्ग' वादळात तो फणसही मुळासकट उन्मळून पडला; परंतु दावा जागचा हलला नाही. यात न्यायालयाचा यत्किंचितही दोष नाही. मुदती आम्हीच मागितल्या, आणि एकाने मागितली की दुसऱ्याने तिला कसून हरकत घेऊन पुढच्या खेपेस स्वतः मागितली. या दाव्याने माझे वकिलांवर द्रव्य खर्च झाले, रक्तदाब चढला, गावचा गणपती तुटला. आणि आता तोच दावा, सही-शिक्क्याची नक्कल काढताच, मायभूमीशी मला जखडून ठेवणारा अतूट ऋणानुबंध ठरणार होता.

नकलेचा अर्ज देण्यासाठी मी कोकणात उतरलो. खिडकीपुढे रांग होती आणि रांगेत माझ्या पुढे जी पाठ होती ती मला ओळखीची वाटली. पाठीनेही मला ओळखले असावे, कारण ती ताठ झाली. कित्येक वर्षे आम्हा दोघांतील संभाषण वकिलांमार्फत, तेही 'सदरहू प्रतिवादीचे कथन समूळ खोटे आहे' अशा भाषेत होत आलेले; त्यामुळे तोंडाने काय बोलावे याचा सराव उरला नव्हता.

"नाना," शेवटी अण्णाच वळून म्हणाला, "तुला कशाला हवी नक्कल?"

"तुला कशाला?"

त्याने इकडेतिकडे पाहिले आणि आवाज खाली आणला. "थोरला कॅनडात आहे ना. त्यांचा सुपर व्हिसा असतो आईबापांसाठी. एकदा गेलं की सलग ५ वर्षंसुद्धा राहता येतं, २०२२ पासून. १ लाख डॉलरचा विमा काढला, थोरल्याच्या उत्पन्नाचे कागद आले. पण आमचा सल्लागार म्हणतो, परत येणार याचा काहीतरी भक्कम पुरावा हवा."

"आणि मग?"

"मग काय, मी म्हटलं, आमचा नाना आहे की!"

गहिवरून येणे म्हणजे काय, हे मला त्या नकलेच्या खिडकीपुढे कळले. आम्ही समोरच्या उपाहारगृहात जाऊन चहा घेतला आणि पैसे कोणी द्यावेत यावर बराच वेळ भांडलो. मात्र या खेपेस प्रत्येकाचा आग्रह आपणच द्यावेत असा होता.

मुलाखत मुंबईस वांद्रे-कुर्ला संकुलातील वकिलातीत झाली. आधीच्या दिवशी बोटांचे ठसे देऊन झाले होते. दिवसाच्या प्रारंभी रांगेत उभे राहिलो तेव्हा माझ्या काखेत जे दफ्तर होते त्यात सातबारा उतारे, ठेवींच्या पावत्या, तिन्ही स्त्रियांचे ऐक्य सिद्ध करणारी लग्नपत्रिका आणि सर्वांत वर, लाल दोऱ्याने बांधलेली, दाव्याची प्रमाणित नक्कल होती. खिडकीपलीकडील बाई तरुण आणि हसतमुख होती.

"कोणाकडे चाललात?"

"कन्येकडे."

"काय करीत होता?"

"महसूल खात्यात अव्वल कारकून. यासंबंधी सेवापुस्तकाचा उतारा..."

"किती दिवस राहणार?"

"पाच महिने. आणि परत येण्याच्या अनिवार्य कारणांविषयी एक प्रमाणित नक्कल..."

"तुमचा व्हिसा मंजूर झाला. प्रवास सुखाचा होवो."

मी जागचा हललो नाही. एकही कागद न पाहता, एकही त्रुटी न काढता, पूर्ततेचा एकही शेरा न मारता एक सरकारी अधिकारी अर्ज मंजूर करतो, हे दृश्य माझ्या डोळ्यांना सर्वथैव अपरिचित होते. मी नक्कल काचेला टेकवून निदान पहिले पान दाखविण्याचा यत्न केला. तेव्हा मागच्या माणसाने खाकरून आपली उपस्थिती दर्शविली आणि सौभाग्यवतींनी माझ्या कोपराला धरून मला बाहेर काढले.

"बघितलंस," बाहेर आल्यावर मी म्हणालो, "दाव्यानं काम केलं."

"त्यांनी बघितलासुद्धा नाही तो."

"लाल दोरा दिसला असणार."

विमानाची तिकिटे एप्रिलची काढली. तत्पूर्वी एक विघ्न आले. आमचा दावा राष्ट्रीय लोकअदालतीपुढे तडजोडीसाठी ठेवण्यात आला असून उभय पक्षकारांनी जातीने हजर राहावे, अशी नोटीस मिळाली. लोकअदालतीत एकदा तडजोड झाली की तिच्यावर अपील नसते. प्रकरण समूळ निकाली निघते. त्याच रात्री अण्णाचा दूरध्वनी आला. त्याचा स्वर कापत होता.

"नाना, तुझं झालं. माझा अर्ज अजून तिकडे विचाराधीन आहे रे."

"तू काही काळजी करू नकोस," मी म्हणालो. "मी तुझा भाऊ आहे."

नेमल्या दिवशी आम्ही दोघे एकाच गाडीने गेलो, ही गोष्ट वकिलांना कळू दिली नाही. तडजोडीसाठी बसलेल्या मंडळींनी आमची वये पाहिली, फणस पडल्याचा पंचनामा पाहिला, रक्ताच्या नात्याविषयी अतिशय हृदयस्पर्शी चार शब्द सांगितले आणि जमीन निम्मी निम्मी करण्याचा इतका न्याय्य तोडगा सुचविला की, आमच्या वडिलांनीही तो आनंदाने पत्करला असता. माझे वकील मान डोलवू लागले. त्याचेही डोलवू लागले. तेव्हा आम्ही दोघे भाऊ एकाच क्षणी उठून उभे राहिलो आणि एका सुरात 'मुळीच नाही' असे म्हणालो. त्या दिवशीच्या रोजनाम्यात जी नोंद झाली तिचीही प्रमाणित नक्कल आम्ही काढून घेतली असून, ती दोघांच्या दफ्तरी स्वतंत्रपणे जोडलेली आहे: 'उभय पक्षकारांनी तडजोडीस एकमताने नकार दिला.'